खोटं बोल, पण बूट कर

लिनक्सकडे वळणाऱ्या माणसाची वाट ठरलेली असते. आधी तो विंडोजला मनसोक्त नावं ठेवतो. मग एका रविवारी लिनक्स मिंट बसवतो आणि पुढचा आठवडाभर भेटेल त्याला पकडून सांगतो, व्हायरस नाही, पैसे नाहीत, मशीन कसं पळतंय बघ! आणि त्यानंतरच्या रविवारी, दार लोटून घेऊन, त्याच लिनक्सच्या आत एक खिडकी उघडतो आणि तिच्यात गुपचूप विंडोज एक्सपी बसवायला घेतो.

हल्ली या वाटेवर गर्दी वाढली आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा आधार संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 नावाची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कालपर्यंत बिनतक्रार राबणारी धडधाकट मशीनं एका रात्रीत अपात्र ठरली. त्यांच्या मालकांपैकी बऱ्याच जणांना लिनक्सने आसरा दिला. ब्राउझर चालला, पीडीएफ उघडल्या, लिब्रेऑफिसमध्ये पत्रं टाइप झाली. सगळं बस्तान नीट बसलं आणि मग प्रत्येकाला ते 'एक सॉफ्टवेअर' आठवलं.

हे 'एक सॉफ्टवेअर' प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाचा वीस वर्षांचा हिशेब त्यात असतो, एमआयडीसीतल्या कुणाचं यंत्र त्याशिवाय हलत नाही, दवाखान्यातल्या कुणाचा रिपोर्ट त्याशिवाय छापला जात नाही. आमच्या पेठेतल्या प्रेसवाल्या अण्णांचं 'एक सॉफ्टवेअर' म्हणजे पेजमेकर आणि त्याच्या जोडीला जुने मराठी फॉन्ट. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणेशोत्सवाच्या पावत्या, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळी पेठ त्या एका फोल्डरात नांदते. अण्णांचा जुना डबा शेवटचा श्वास घेत होता. त्यांनी मला बोलावलं आणि सरळ विचारलं, "तुझ्या त्या लिनक्सात माझं पेजमेकर चालेल का?"

"नाही अण्णा."

"मग काय उपयोग?"

"पण लिनक्सात विंडोज एक्सपी चालेल, आणि तिच्यात पेजमेकर चालेल."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे विंडोज नको म्हणून लिनक्स घ्यायचं, आणि लिनक्समध्ये विंडोज घालायचं?"

"हो."

"हे सरकारी योजनेत आहे का रे?"

नाही, सरकारी नाही. या प्रकाराला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. वाइन नावाची आणखी एक सोय लिनक्सवर आहे, तिच्यात विंडोजचे बरेच प्रोग्राम थेट चालतात; पण जुनं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरचं छोटं कुलूप, समोर आलं की वाइनची बहुधा उतरते. त्यामुळे अण्णांसारख्यांना अख्खी विंडोजच बसवावी लागते. आणि तिथे एक मूलभूत अडचण येते. सध्याचा संगणक जसा आहे तसा एक्सपीला दाखवला, तर ती उभीच राहत नाही. म्हणून तिला खोटं सांगावं लागतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे, तंत्राचा बुरखा बाजूला केला तर, अत्यंत सुसंघटित, चोवीस तास अखंड चालणारी थापेबाजी. वाड्याच्या जागी इमारत उभी राहून दहा वर्षं झाली तरी अंथरुणावरच्या आजोबांना 'हो हो, आड अजून तसाच आहे, पाणीही गोड आहे' असं घरातले सगळे एका सुरात सांगतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे सगळ्या घराचं काम एक प्रोग्राम करतो आणि कुणाची जीभ घसरत नाही.

या थापेबाजीला शास्त्राचा आधार आहे बरं का. आयबीएमने 1972 साली व्हीएम/370 ही प्रणाली आणली. तिच्यात एकाच अवाढव्य मशीनवर बसलेल्या अनेकांपैकी प्रत्येकाला वाटायचं, की हे सगळं मशीन माझ्या एकट्याचं आहे. पुढे 1974 साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी या फसवणुकीचे नियमच मांडले. आत चालणाऱ्या प्रोग्रामला खऱ्या मशीनवर असल्यासारखंच वाटलं पाहिजे, मशीनचा ताबा बाहेरच्याकडेच राहिला पाहिजे आणि एवढं करून वेगही फारसा कमी होता कामा नये. थोडक्यात, थाप पकडली जाऊ नये, तिजोरीची किल्ली हातची जाऊ नये आणि थाप मारण्यात दिवस जाऊ नये. इतकी नेमकी मांडणी आपल्याकडे निवडणुकीच्या जाहीरनाम्यांनाही लाभलेली नाही.

आपल्या घरोघरच्या इंटेल प्रोसेसरांना मात्र हे नियम बरीच वर्षं पाळता येत नव्हते. पेंटियम प्रोसेसरात अशा 17 आज्ञा सापडल्या होत्या, की ज्या आतल्या प्रोग्रामला खरी परिस्थिती परस्पर कळू देत. सतरा फितूर! व्हीएमवेअरने 1999 साली या फितुरांना वाटेतच गाठून त्यांची भाषा बदलायची युक्ती बाजारात आणली. 2005च्या सुमारास इंटेलने आणि पाठोपाठ एएमडीने प्रोसेसरमध्येच खोटं बोलण्याची अधिकृत सोय करून दिली. लिनक्सच्या गाभ्यातही केव्हीएम नावाने ती 2007 साली आली. आता ही सोय जवळपास प्रत्येक मशीनमध्ये असते. ती फक्त अनेकदा बंद करून ठेवलेली असते.

ती चालू करण्यासाठी बायोसमध्ये जावं लागतं. बायोसमध्ये जाण्यासाठी मशीन सुरू होताना एफ2, एफ10 किंवा डिलीट यांपैकी नेमकं बटण नेमक्या क्षणी दाबावं लागतं. कुठलं ते कंपनी ठरवते आणि पडद्यावर पाव सेकंद दाखवते. आत गेल्यावर ती सोय कुणी 'सिक्युरिटी'खाली ठेवलेली असते, कुणी 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली, तर कुणी थेट ओव्हरक्लॉकिंगच्या खोलीत, जिथे सभ्य माणूस पाऊल टाकत नाही. नावही सगळीकडे एक नाही. इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर बहुतेक ठिकाणी एसव्हीएम. सापडली की चालू करायची, एफ10 दाबून बाहेर पडायचं आणि कुलदैवताला हात जोडायचे.

मग व्हर्च्युअलबॉक्स बसवायचं. हा प्रोग्राम मुळात जर्मनीतल्या इनोटेकचा. 2008 साली सनने इनोटेक घेतली, 2010 साली ओरॅकलने सन घेतली. इतक्या घरांत नांदूनही प्रोग्रामचा स्वभाव शांत राहिला आहे. त्याला 'आत एक्सपी बसवायची आहे' एवढंच सांगितलं, की तो सराईतपणे खोट्याचा सेट उभारतो. तुमच्याकडे मागच्याच वर्षी घेतलेला बोर्ड असू दे, एक्सपीला तो सांगतो, हा इंटेलचा 440एफएक्स. म्हणजे 1996 सालचा. तुमच्याकडे बिनआवाजाची एसएसडी असू दे, एक्सपीला सांगतो, ही आयडीई हार्ड डिस्क. कारण खरं सांगून सॅटा म्हटलं, तर एक्सपीचं सेटअप हार्ड डिस्कच सापडत नाही म्हणून कळवतं आणि काम थांबवतं. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला एफ6 दाबून ड्रायव्हर देणे; आणि तो ड्रायव्हर सेटअप फक्त फ्लॉपीवरून स्वीकारतं. म्हणजे नसलेल्या ड्राइव्हमध्ये नसलेली फ्लॉपी घालून असलेल्या डिस्कची ओळख पटवायची. त्यापेक्षा आयडीईची थाप सोयीची.

विंडोज 98 ही तर याहून वरची पायरी. काहींना तिचीच ओढ असते, बहुधा तिच्यातल्या एखाद्या खेळासाठी. तिला किमान 16 मेगाबाइट मेमरी पुरे होती. आज साध्या लॅपटॉपला 16 गिगाबाइट असते, म्हणजे हजारपट. उदार मनाने त्यातली दोन गिगाबाइट 98ला देऊन बघा. ती आभार मानत नाही. ती म्हणते, मेमरी अपुरी आहे! 512 मेगाबाइटच्या पुढचा आकडा तिच्या हिशेबात नीट बसतच नाही. तिची तक्रार दूर करायची तर मेमरी काढून घ्यावी लागते. 'दिलं तर कमी पडतं, काढलं तर पुरतं' हे तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांना लोक एरवी हार घालतात; 98 ते कीर्तनाशिवाय शिकवते.

तिचा आणखी एक विक्रम आहे. विंडोज 95 आणि 98 सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद 32 बिटांच्या एका आकड्यात मोजत असत. तो आकडा 49.7 दिवसांनी भरतो आणि मशीन ठप्प होऊ शकतं. हा दोष लक्षात यायला 1999 साल उजाडलं. त्याआधी कुणाला कळलं नाही, यात नवल काहीच नाही. विंडोज एकोणपन्नास दिवस सलग चालू राहण्याची पाळी येणार कुणावर? त्याच्या आधीच ती पडायची आणि उठल्यावर निळ्या पडद्यावर आपल्यालाच सुनवायची, की तुम्ही विंडोज नीट बंद केली नव्हती; हा संदेश पुन्हा बघायचा नसेल तर यापुढे स्टार्ट मेनूतूनच बंद करत जा. पडली ती, ऐकून घेतलं आपण.

तर, अण्णांची एक्सपी. मूळ सीडी त्यांनी जपून ठेवली होती. पंचवीस अक्षरांची की मात्र जुन्या डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर होती, आणि त्या स्टिकरवर पंधरा वर्षं शाईचे आणि कटिंग चहाचे हात फिरले होते. ही की बनवणाऱ्यांनी शहाणपणा करून शून्य आणि ओ हे दोन्ही वगळले, घोळ नको म्हणून. एक आणि आयही वगळले. पण बी आणि 8 दोघांनाही ठेवलं, जी आणि 6 यांनाही ठेवलं. मग अण्णा भिंग घेऊन डब्यामागे, मी कीबोर्डवर.

"बी."

"बी का आठ?"

"बी. … आठ असेल. पोट खालून मोठं आहे."

"दोघांचंही खालून मोठंच असतं, अण्णा."

"मग तू दोन्ही टाकून बघ ना! पैसे पडतात का?"

शेवटी की लागली आणि सेटअपने जाहीर केलं: 39 मिनिटं बाकी. एक्सपी बसवलेल्या प्रत्येकाने हा आकडा पाहिला आहे. मशीन कुठलंही असो, सुरुवात एकोणचाळीसपासून. त्या काळात ही मिनिटं तासाच्या घरात जायची. आता एसएसडीवर ती अशी झरझर उतरतात की शेजारी झळकणाऱ्या जाहिरातीही धड वाचून होत नाहीत. तुमचा संगणक आता अधिक वेगवान होईल, असं सेटअप मध्येच आश्वासन देतं. त्या संगणकाने एव्हाना आतल्या प्रत्येक भागाबद्दल खोटं सांगितलेलं असतं, म्हणून तो नम्रपणे गप्प बसतो.

आणि मग ती हिरवी टेकडी दिसते. चार्ल्स ओ'रिअर यांनी 1996 साली कॅलिफोर्नियात सोनोमा परगण्यात टिपलेली. एमएस-सीआयटीच्या वर्गात बसून राइट क्लिक शिकलेल्या पिढीने ती इतक्या वेळा पाहिली आहे, की स्वतःच्या गावची टेकडी दाखवली तर कदाचित ओळखणार नाही. अण्णा एकदम खूश झाले. "हां! हे कसं आपलं वाटतं." लिनक्स मिंटचा हिरवा त्यांना महिनाभर खुपत होता, हा हिरवा चालला.

खरी कसरत इथून पुढे. पहिली गोष्ट माउसची. खिडकीत क्लिक केलं की माउस आत अडकतो आणि कितीही ओढला तरी काठावर डोकं आपटून परत फिरतो. सुटकेचं बटण म्हणजे उजवीकडचं कंट्रोल. पण काही नव्या लॅपटॉपांवर नेमकं तेच काढून तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेचं बटण बसवलं आहे. म्हणजे बुद्धिमत्ता आली आणि सुटकेचा मार्ग बंद झाला. सेटिंगमध्ये दुसरं बटण ठरवता येतं. फक्त ते आत अडकण्याआधी ठरवावं.

दुसरी गोष्ट डोंगलची. जुन्या मराठी सॉफ्टवेअरांपैकी अनेकांना ही छोटी कुलपं लागत. ती आतल्या एक्सपीला दिसायची, तर बाहेरच्या लिनक्समध्ये आपलं नाव 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात घालावं लागतं. नाव घातलं तरी लॉगआउट करून परत येईपर्यंत ते लागू होत नाही. सदस्यत्व मंजूर, पण सभागृहाबाहेर जाऊन पुन्हा आत या! सहकारी संस्थांचा अनुभव असलेल्या अण्णांना यात काही वावगं वाटलं नाही.

तिसरी गोष्ट इंटरनेटची. एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजीच संपला. तिच्या जुन्या ब्राउझरला आजची सुरक्षेची बोलीच कळत नाही, त्यामुळे बहुतेक संकेतस्थळं तिला दारातूनच परत पाठवतात. उरलेल्या ज्या जागा तिला आत घेतील, तिथे तिने न जाणंच बरं. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'केबल कनेक्टेड' अशी एक चौकट आहे. तिच्यातली खूण काढायची, की नसलेल्या कार्डातून नसलेली वायर उपटली जाते आणि एक्सपी प्रामाणिकपणे कळवते की नेटवर्कची केबल निघाली आहे. इतकं सगळं काल्पनिक असूनही सुरक्षितता मात्र अगदी खरी मिळते.

चौथी गोष्ट स्नॅपशॉटची; ही अण्णांना फार भावली. मशीनची आजची अवस्था जपून ठेवायची आणि पुढे काही बिघडलं तर एका क्लिकमध्ये त्या क्षणाला परत जायचं. फॉन्ट बिघडले, मागे जा. ड्रायव्हर रुसला, मागे जा. एका संध्याकाळी पेजमेकर अडकलं, तेव्हा अण्णा न विचारता मागच्या सोमवारात निघून गेले. पेजमेकर सुरळीत झालं. फक्त बुधवारी तयार केलेली मुंजीची पत्रिका नाहीशी झाली, कारण सोमवारी ती जन्मलीच नव्हती. अण्णा सोमवारात होते आणि मुलाचे वडील गुरुवारात, काउंटरसमोर उभे. तेव्हापासून फायली 'शेअर्ड फोल्डर'मध्ये, म्हणजे बाहेर लिनक्समध्ये राहतात. आतल्या एक्सपीने काळात हवं तितकं फिरावं, गिऱ्हाइकाचं काम जागेवर राहतं.

पाचवी गोष्ट लिनक्सची स्वतःची. रात्री अपडेट येतं, सकाळी नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा नवा गाभा, सुरू होतो आणि व्हर्च्युअलबॉक्स म्हणतं, कर्नल ड्रायव्हर नाही, चूक क्रमांक उणे 1908. आकडा बघून वाटतं, ख्रिस्तपूर्व काळातलं काहीतरी तुटलं आहे. प्रत्यक्षात नव्या कर्नलसाठी एक छोटा भाग पुन्हा बांधायचा राहिलेला असतो. कर्नलची हेडर्स असतील तर 'व्हीबॉक्सकॉन्फिग' ही एक आज्ञा दिली की बहुतेक वेळा भागतं. सिक्युअर बूट चालू असेल, तर त्या भागावर सही-शिक्काही लागतो. व्हर्च्युअलबॉक्स नको असेल त्यांना क्यूईएमयू आणि केव्हीएमची जोडी आहे. ती लिनक्सच्या घरचीच असल्याने हा त्रास देत नाही, पण तिची सेटिंग लावताना पहिल्या दिवशीच सगळा त्रास रोख वसूल करून घेते.

आता कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशासाठी? जुन्या गोष्टींचा मोह? अण्णांना मोह नाही. त्यांच्या आयुष्याचं काम त्या फोल्डरात अडकलं आहे. युनिकोड सर्रास होण्यापूर्वी मराठीत जे संगणकावर छापलं गेलं, ते बहुतेक अशा फॉन्टमध्ये, जे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवत. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की उघडी पडते ती इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि उद्गारचिन्हांची मिसळ. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमधला 'श्री' त्या फॉन्टशिवाय उघडला, तर पडद्यावर कॅपिटल जे आणि मागे छोटा एच एवढंच उरतं. गणपती असो की ग्रामदैवत, सगळ्यांच्या नावामागे तेच जे-एच. त्या वीस-पंचवीस वर्षांतल्या स्मरणिका, स्थानिक दिवाळी अंक, संस्थांचे इतिहास, कवितासंग्रह असे हजारो दस्तऐवज या अवस्थेत आहेत. पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 साली आली, त्यानंतर ते थांबलं. म्हणून ती एक्सपी जिवंत ठेवायची, आणि तिच्यासाठी हे सगळं खोटं बोलायचं.

पण ती कायम जिवंत ठेवणं हा उपाय नव्हे, ती मुदतवाढ आहे. मशीन चालतं आहे तोवर फायली बाहेर काढून युनिकोडमध्ये करून घ्यायच्या, हेच या सगळ्या उद्योगाचं खरं काम. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. त्यांचे पाय दोन ठिकाणी हमखास घसरतात: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ही वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलटं, तो दिसतो नंतर पण साठवला जातो आधी. अदलाबदलीत गडबड झाली की 'आशीर्वाद'चा 'आशीवार्द' होतो. मग तो पत्रिकेवर छापला जातो आणि दोन्हीकडची मंडळी जेवणाच्या पंगतीत तेवढंच वाचून दाखवतात. तेव्हा यंत्राने बदललेला मजकूर माणसाने एकदा वाचलाच पाहिजे.

ज्यांच्या माळ्यावर असा एखादा डबा आणि त्यात असं काही लिखाण पडलं असेल, त्यांना एवढंच सांगणं आहे. हार्ड डिस्क फिरते आहे तोवर त्यातल्या फायली आणि फॉन्ट, दोन्ही एकत्र काढून घ्या. नुसत्या फायली घेतल्यात तर जे-एच हाती लागेल. व्हर्च्युअल मशीन तयार झाली की तिच्या डिस्कच्या फाइलची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. पेन ड्राइव्हवर ठेवणार असाल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला हवा, कारण फॅट32वर चार गिगाबाइटच्या वरची फाइल मावत नाही, मग ड्राइव्ह 64 गिगाबाइटचा असला तरी. आणि युनिकोडमध्ये बदलून झालं की रफार तपासा. एक्सपीला आपण काहीही सांगू शकतो, ती विश्वास ठेवते. मुलीचे मामा ठेवत नाहीत.